सुभेदारांच्या वेबसाइटवरची हजेरी

लालासाहेब शेलार सुभेदार म्हणून फौजेतून निवृत्त झाले, त्याला आता बारा वर्षं झाली. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत ते गावात सलग दोन महिन्यांच्या वर कधी राहिले नव्हते. मी त्यांच्याच पलटणीत काही वर्षं कारकून होतो आणि आमचं गावही एकच, म्हणून त्यांच्याबद्दल चार शब्द सांगू शकेन असं वाटतं. मात्र जे झालं त्यात माझाही हात होता. ते सांगायला जड जातं, पण ते वगळलं तर सांगण्यासारखं काही उरत नाही.

मेढ्यापासून सात किलोमीटर आत, डोंगराच्या कुशीत आमचं गाव आहे. गावात घराआड एक माजी सैनिक निघतो. त्या सगळ्यांत लालासाहेब हुद्द्याने मोठे. भाताच्या खाचरात उतरायचं असलं तरी सकाळी दाढी केल्याशिवाय घराबाहेर पडणार नाहीत. खुर्चीत बसले तरी पाठ टेकणार नाहीत. बोलणं मोठ्याने, समोरचा पलीकडच्या टेकडीवर उभा असल्यासारखं. त्यांच्या बायकोला, बनुबाईंना, ते "चहा आण" म्हणाले की शेजारच्या घरातही चहाचं आधण चढतं, अशी गावात थट्टा होती.

त्यांचा एकुलता मुलगा शंभूराज. तो जन्मला तेव्हा लालासाहेब सरहद्दीवर होते. पोरगं सात महिन्यांचं झाल्यावर त्यांनी ते पहिल्यांदा पाहिलं. पुढे ते दोन वर्षांचं असताना रजेवर आले, तर पोरगं घाबरून आईच्या पदराआड लपलं आणि "ह्या मानसाला जा म्हनावं" असं रडू लागलं. बनुबाई हा किस्सा हसत हसत सांगायच्या. लालासाहेबही हसायचे, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर.

निवृत्तीनंतर त्यांच्या मनात एकच होतं. आता आपण घरी आहोत, तर मुलानेही घरी असावं. ते हे कधी बोलून दाखवत नसत. शंभूराज साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात कंत्राटावर होता आणि रोज मोटारसायकलने ये-जा करायचा. लालासाहेब संध्याकाळी सहापासून ओट्यावर बसायचे. गाडीचा आवाज आला की उठून आत जायचे, वाट पाहत होते हे पोराला कळू नये म्हणून.

दोन वर्षांपूर्वी ते कंत्राट संपलं. सहा महिने शंभूराज घरी बसून होता. मग चाकणच्या एका कंपनीतून बोलावणं आलं. पगार चांगला, राहायची सोय स्वतः करायची. त्या रात्रीच्या जेवणाला मीही तिथे होतो. शंभूराजने सांगितलं तेव्हा लालासाहेबांनी भाकरीचा तुकडा हातात धरून ठेवला.

"हितं काय कमी हाय?" ते म्हणाले.

"हितं काय हाय ते सांगा की आबा."

"घर हाय. रान हाय. मानसं हायती."

"तुमी तरी कुटं ऱ्हायला घरात?" शंभूराज म्हणाला. त्याला ते तसं म्हणायचं नसावं, कारण लगेच त्याने मान खाली घातली.

मध्ये पडली ती त्याची बायको, उत्कर्षा. तासगावची पोरगी. लग्नाआधी तिने सांगलीत चार महिन्यांचा एक अभ्यासक्रम केला होता. वेबसाइट बनवायची, ती लोकांपर्यंत कशी न्यायची, इंटरनेटवर जाहिरात कशी करायची, असलं काहीतरी. त्याचा आमच्या गावात उपयोग काय, असं मलाही वाटायचं. ती म्हणाली, "आबा, मळ्याकडच्या दोन खोल्या मोकळ्या आहेत. कासला फुलं बघायला एवढी माणसं येतात. राहायला जागा मिळत नाही म्हणून परत जातात. मला एक हंगाम द्या. फुलांपासून दिवाळीपर्यंत खोल्या भरल्या तर आम्ही इथंच राहू. नाही भरल्या तर भाऊबीज झाली की चाकण."

शंभूराजने कंपनीकडून दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली. ती मिळाली याचंच लालासाहेबांना केवढं अप्रूप. मला म्हणाले, "आप्पा, चार म्हैनं मिळालं गड्या. चार म्हैन्यात लय काय काय होतं."

उत्कर्षा कामाला लागली. खोल्यांना चुना दिला, बाहेर कट्टा बांधला. बनुबाईंच्या हातची नाचणीची भाकरी आणि घेवड्याची आमटी यांचे फोटो काढले. लालासाहेबांना टोपी घालून दारात उभं केलं. 'सुभेदार निवास' नावाची वेबसाइट तयार झाली. मी माझ्या मोबाइलवर ती उघडली तेव्हा लालासाहेब सलाम ठोकण्याच्या बेतात असल्यासारखे दिसत होते. पहिल्या आठवड्यात ती बघायला रोज आठ-नऊ माणसं आली. उत्कर्षाला ते मोबाइलवरच कळायचं. किती जण आले, कुठून आले, किती वेळ थांबले, सगळं. ती म्हणायची की माणसं आणणं हेच खरं काम आहे, वेबसाइट बनवणं सोपं. मग तिने गुगलवर जाहिरात लावली. कासजवळ राहायची सोय कुणी शोधली की आपलं नाव सगळ्यात वर दिसेल अशी. रोज ठरावीक रक्कम त्यासाठी बाजूला ठेवली.

एकदा चहा घेताना लालासाहेबांनी तिला विचारलं, "म्हंजे आता ह्यात नेमकं काय व्हायला पायजे?"

"लोक साइटवर यायला पाहिजेत आबा. जितके जास्त येतील तितकं चांगलं."

"बस? एवडंच?"

"सुरुवात तर तीच आहे," ती म्हणाली आणि कुणाचा तरी फोन आला म्हणून उठून गेली.

तिने आणखी दोन वाक्यं बोलायला हवी होती, असं मला नंतर पुष्कळदा वाटलं. पण तिचा तरी काय दोष? मला तिथेच विचारायचं होतं की बघायला येणारी माणसं आणि राहायला येणारी माणसं एकच का. मी विचारलं नाही. विचारायच्या वेळी गप्प बसायची माझी जुनी खोड आहे.

दुसऱ्या दिवशी लालासाहेबांनी ग्रामपंचायतीच्या कट्ट्यावर माजी सैनिकांना जमवलं. तेवीस जण आले. त्यांनी उभं राहून सांगितलं, "माज्या सुनेला मानसं कमी पडत्यात. आपल्याकडं मानसं हायती. रोज सकाळी प्रत्येकानं मोबाइलवर आपलं निवास उघडायचं. आपापल्या मेहुण्या-पावण्यांनाबी सांगायचं."

"उघडून काय करायचं सुभेदार?" धनाजीने विचारलं. हा तोफखान्यातला, आता दुधाचा धंदा करतो.

"बघायचं."

"काय बघायचं?"

"माजं थोबाड बघ," लालासाहेब म्हणाले आणि कट्टा हसला.

आमच्या व्हॉट्सॲप ग्रूपवर लिंक टाकून ती दाबली असती तर कदाचित एवढं नुकसान झालं नसतं. पण धनाजीला त्यात फसवणूक वाटली. तो म्हणाला, "आपल्या आपन दार वाजवल्यासारकं हाय हे. परक्या मानसानं शोदत यावं तसं आलं पायजे." म्हणून सगळ्यांनी मोबाइलमध्ये 'कासजवळ राहण्याची सोय' असं लिहून शोधायचं ठरलं. तसं केलं की सगळ्यात वर आमचंच नाव यायचं. त्याच्यावर बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलेलं असायचं, ते आमच्यापैकी कुणाला चष्म्याशिवाय दिसत नव्हतं आणि चष्मा लावूनही कुणी वाचलं नाही. त्या वरच्या नावावर बोट ठेवायचं, लालासाहेबांचं दर्शन घ्यायचं आणि ग्रूपवर 'जयहिंद, पाहिले' असं लिहायचं.

हजेरी ठेवायचं काम माझ्याकडे आलं. मी कारकून. जुन्या वहीची पानं आखली, तेवीस नावं घातली. महिनाभरात ती अठ्ठेचाळीस झाली. मेढ्याचे, जवळच्या कुडाळचे, साताऱ्यात स्थायिक झालेले आमच्या पलटणीचे लोक, कुणाचे जावई, कुणाचे साडू. त्यांच्या घरची माणसंही बघायची, ती वहीत नव्हती. रोज सकाळी सातला मी पहिली खूण स्वतःच्या नावापुढे करायचो. खरं सांगायचं तर मला आनंद व्हायचा. निवृत्त झाल्यापासून मला कुणी काही काम दिलं नव्हतं.

थोड्या दिवसांनी आमच्यातल्याच जोतिबाने तक्रार आणली. तो उशिरा उठणारा. म्हणाला, "आवं, मी साडेआठला बघतो तवा आपलं नाव कुटंच न्हाई. दुसऱ्याच हाटेलांची नावं येत्यात."

लालासाहेबांनी मला विचारलं. मी सांगितलं की माझ्याही लक्षात आलंय, आठनंतर आपलं नाव वर दिसत नाही. ते म्हणाले, "मग आटच्या आत उरका. हुकूम काड." मी ग्रूपवर हुकूम काढला. सर्वांनी सकाळी सात ते आठ या वेळेतच हजेरी द्यावी. त्यानंतर दिसत नाही. तो हुकूम माझ्या मोबाइलवर अजून आहे. मला तो पुसता येतो, पण पुसला नाही.

फुलांचा हंगाम जोरात आला. शनिवार-रविवारी कासच्या रस्त्याला पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागायची. आमच्या फाट्यावरून त्या सरळ निघून जायच्या. खोल्यांत धुतलेल्या चादरी तशाच घडी न मोडता पडून होत्या. उत्कर्षा मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली असायची. आकडे वाढत होते. रोज साठ, ऐंशी, शंभर. पण फोन एकही येत नव्हता. तिने फोटो बदलले. भाडं कमी केलं. मजकूर पुन्हा लिहिला. आंघोळीला गरम पाणी मिळेल, गाडी लावायला जागा आहे, हे सगळ्यात वर घातलं. काही उपयोग झाला नाही.

लालासाहेब मात्र खुशीत होते. रोज संध्याकाळी तिला विचारायचे, "आज किती?"

"एकशे बारा."

"शाबास!" म्हणायचे आणि माझ्याकडे बघून डोळा बारीक करायचे. आम्ही पोरीला हे सांगितलं नव्हतं. तिचा हुरूप वाढावा म्हणून.

सप्टेंबरच्या शेवटी एका दुपारी मी गेलो तेव्हा ती ओट्यावर एकटीच होती. रडून झाल्यासारखे डोळे दिसत होते. मला म्हणाली, "काका, मला काहीच कळत नाही. शंभर माणसं येतात आणि दहा-बारा सेकंदांत जातात. तीही सकाळी सात ते आठच्या मध्येच. नंतर दिवसभर कुणी फिरकत नाही. पुण्यातली माणसं सकाळी सातला खोल्या शोधतात का हो?"

मला सगळं कळलं असं नाही, पण काहीतरी आमच्यामुळे होतंय एवढं नक्की कळलं. तोंड उघडायला हवं होतं. मी म्हणालो, "बघू, होईल काहीतरी," आणि चहाही न घेता घरी आलो. मी आठ दिवस गप्प राहिलो. रोज सकाळी वही काढायचो, हजेरी घ्यायचो. सुभेदारांना सांगितलं तर त्यांचा चेहरा कसा होईल, तेच डोळ्यांपुढे यायचं. आठ दिवस, आणि तेही ऐन हंगामातले. याचं मी काय करू?

शेवटी तिनेच शोधून काढलं. माणसं कुठून येतात त्याचा नकाशा तिने नीट उघडून पाहिला. त्या दिवशी मी आणि लालासाहेब ओट्यावरच बसलो होतो. ती मोबाइल घेऊन बाहेर आली.

"आबा, हे बघा. शंभरातली नव्वद माणसं मेढ्याच्या आसपासची आहेत. आपल्याच भागातली माणसं आपल्याकडे राहायला कशाला येतील?"

लालासाहेबांना राहवलं नाही. त्यांचा चेहरा उजळला. "आपलीच मानसं हायती ती पोरी! आप्पा, दाव वही."

मी उठलो नाही. त्यांनी दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा घरी जाऊन वही आणली. उत्कर्षाने एकेक पान उलटलं. अठ्ठेचाळीस नावं, रोजच्या खुणा, रविवारसुद्धा सोडला नव्हता. खाली रोजची बेरीज. तिने वही मिटून मांडीवर ठेवली.

मग तिने हळू आवाजात सांगितलं. ते वरचं नाव म्हणजे आपली जाहिरात, बारीक अक्षरांत तेच लिहिलेलं असतं, आणि त्यावर कुणी बोट ठेवलं की प्रत्येक वेळी पैसे कापले जातात. रोजची रक्कम संपली की जाहिरात त्या दिवसापुरती बंद. आमची हजेरी आठला पूर्ण व्हायची तेव्हा ती रक्कमही संपलेली असायची. पुण्यातला माणूस दहा वाजता ऑफिसात बसून शोधायला लागायचा तेव्हा सुभेदार निवास कुठेच नसायचं.

लालासाहेबांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "म्हंजे दारात आमीच हुबं ऱ्हायलो," ते म्हणाले. "पावण्याला आत यायला वाटच न्हाई ठेवली."

"तसं नाही आबा. तुम्ही चांगल्यासाठीच केलंत."

"पैसं परत मिळत्यात का?"

"पैशांचं काही नाही. दिवस गेले."

तिने त्यांना एक शब्दही रागाने विचारला नाही. रागावली असती तर बरं झालं असतं असं मला वाटतं. शंभूराज आत होता, त्याने सगळं ऐकलं. तो बाहेर आला, वडिलांकडे बघितलं, आणि गोठ्याकडे निघून गेला.

त्याच संध्याकाळी लालासाहेबांनी कट्ट्यावर हजेरी बंद केल्याचं जाहीर केलं. कारण सांगितलं नाही. त्यांना ते सांगता आलं नाही. त्यामुळे झालं काय की माणसांना वाटलं, सुभेदारांचा आपल्यावर काहीतरी राग आहे. धनाजी मला रस्त्यात गाठून म्हणाला, "रागावू देत. आमी काय आपलं काम सोडनार न्हाई." आणि खरंच त्यांच्यातले वीसेक जण सकाळी सातला बघतच राहिले, नुसतं ग्रूपवर लिहीत नव्हते. शेवटी उत्कर्षाने आपल्या जिल्ह्यात जाहिरात दिसणारच नाही अशी तजवीज केली. मग धनाजी मला विचारत आला, "बंद केलं व्हय रं दुकान?" मी त्याला सगळं समजावून सांगितलं. तो दुधाच्या किटलीवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "पन आमी तर रोज बघत हुतो की."

ऑक्टोबर निम्मा सरला होता. फुलं संपत आली होती. जाहिरात पुण्या-मुंबईला दिसायला लागल्यावर तिसऱ्या दिवशी पहिला फोन आला. कोथरूडचं एक कुटुंब येऊन राहिलं. त्यांच्या छोट्या मुलीने लालासाहेबांना "तुम्ही खरे सैनिक आहात का?" असं विचारलं, तेव्हा त्यांनी तिला मळ्यापर्यंत फिरवून आणलं. पुढच्या आठवड्यात आणखी एक जोडपं. दिवाळीत दोन दिवस डोंबिवलीचे चौघे. एकूण एवढंच. जाणारे सगळे म्हणाले, जागा छान आहे, आधी का सापडली नाही? उत्कर्षा फक्त हसायची. पुढच्या वर्षीची चौकशी करून गेले त्यांचे नंबर तिने लिहून ठेवले.

पाडव्याला लालासाहेबांनी शंभूराजला बाजूला घेतलं. मी ओट्यावर होतो, मला ऐकू येत होतं. त्यांना हळू बोलता येतच नाही.

"आनकी एक हंगाम थांबता येईल का?"

"कंपनी थांबत न्हाई आबा."

"मी बोलू का त्यांच्याशी? माजी सैनिक हाय म्हनून?"

"तसं नसतं ते."

"बरं," लालासाहेब म्हणाले. एवढंच. आयुष्यभर हुकूम दिलेल्या माणसाच्या तोंडी तो शब्द मला सहन झाला नाही, म्हणून मी फटाक्यांचा आवाज ऐकत असल्यासारखं बाहेर बघत राहिलो.

भाऊबीजेनंतर तिसऱ्या दिवशी ते दोघं निघाले. बनुबाई दारापर्यंतच आल्या. लालासाहेब आणि मी मेढ्याच्या स्टँडवर सोडायला गेलो. बॅगा त्यांनीच उचलून गाडीत ठेवल्या, शंभूराजला हात लावू दिला नाही. उत्कर्षा वाकून पाया पडली. तिने आपला जुना मोबाइल त्यांच्या हातात दिला. म्हणाली, "चौकशीचा फोन आला तर घ्या. खोली आहे का नाही एवढंच सांगायचं. बाकी मी तिकडून बघते." त्यांनी मान हलवली. शंभूराज खिडकीत बसला. बाप-लेक एकमेकांकडे बघत होते, मग दोघांनीही दुसरीकडे बघितलं. गाडी सुटली.

आम्ही स्टँडवरच्या बाकड्यावर बसलो. लालासाहेब पाठ टेकून बसले. मी त्यांना तसं बसलेलं पहिल्यांदा पाहत होतो. मग म्हणाले, "आप्पा, आपन बघितलं नसतं तर ऱ्हायली आसती का रं पोरं?"

पाडव्याला मी उत्कर्षाला हेच विचारलं होतं. ती म्हणाली होती, "नाही हो काका, यांचं मन आधीच चाकणला होतं." पण हे सांगताना तिने माझ्याकडे बघितलं नव्हतं. ती खरं बोलली की माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून बोलली, ते मला आजही ठरवता येत नाही. तेच उत्तर लालासाहेबांना द्यावं असं मनात आलं. मग वाटलं, पोराला राहायचंच नव्हतं हे ऐकून त्यांना बरं वाटेल की आणखी वाईट?

"सांगता येत न्हाई सुभेदार," मी म्हणालो.

"व्हय," ते म्हणाले. "कुनालाच येनार न्हाई."

स्टँडच्या चौकशी-खिडकीतल्या माणसाला त्यांनी आमच्या गावाच्या गाडीची वेळ विचारली. तो म्हणाला, अजून तासभर आहे. आम्ही बसून राहिलो.